दीड तासाचं विमान

परदेशातली नात आठ महिन्यांची झाली, तरी अप्पांचं पालुपद तेच: "दोन तासांच्या वर मी विमानात बसणार नाही!" नवऱ्याच्या या हट्टापुढे माईंनी हात टेकले होते.

शेवटी लेकीने परस्पर तिकिटंच पाठवली. अप्पांनी चष्मा चढवून वाचलं: निघायचं सकाळी दहाला, पोचायचं त्याच दिवशी सकाळी साडेअकराला.

"दीडच तास? आणि तुम्ही मायलेकींनी उगाच जगाचं टोक करून ठेवलंत! चल, भर बॅग."

तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं, हे माईंच्या अगदी जिभेवर आलं होतं.



पण चाळीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माईंनी आयुष्यात पहिल्यांदाच चुकीच्या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क दिले.