शिट्टीनंतरचा गोल

शिट्टी वाजली. ती आपणच वाजवली हे सुमंत सरांच्या लक्षात आलं, तोवर चेंडू गोलाच्या जाळ्यात जाऊन पडला होता.

साताऱ्याच्या पोरी नाचायला लागल्या. गोल म्हसवडच्या रेश्मानं मारला होता. सांगलीच्या बचावातल्या मुलीनं तिला पाठीमागून दोन्ही हातांनी ढकललं, आणि एका गुडघ्यावर कोसळता कोसळता तिनं हातातली लॅक्रोसची जाळीची काठी फिरवली होती. दोन्ही संघांचे गोल सारखे होते, वेळ संपत आलेली. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. राज्याला खेळलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येतो, आणि रेश्माचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. हे सगळं तिचे कोच उदयसिंह यांनी सामन्याआधीच, कुणी विचारलेलं नसताना, सरांच्या कानावर घालून ठेवलं होतं.

सरांनी दोन्ही हात आडवे हलवले. गोल नाही.

लॅक्रोसमध्ये बचाव करणारीनं ढकललं आणि चढाई करणारी गोलाच्या तोंडाशी असली, तर पंचानं लगेच शिट्टी वाजवायची नसते. कमरेचा पिवळा फ्लॅग काढून वर धरायचा, फाऊल पाहिलंय एवढं कळवायचं आणि चढाई पुरी होऊ द्यायची. गोल झाला तर झाला. नाहीच झाला तर शिट्टी, आणि मग फाऊलबद्दल मोकळा फटका. जिला धक्का बसला तिचंच वर नुकसान होऊ नये, एवढाच त्यातला न्याय. साताऱ्याला झालेल्या पंचांच्या शिबिरात सरांनी हे नीट ऐकलं होतं आणि लेखी परीक्षेत नेमक्या याच प्रश्नाला पूर्ण मार्क मिळवले होते. पण मार्क डोक्याला मिळतात, शिट्टी तोंडात असते. सर मूळचे सांगलीचे, तोंड सगळी हयात तिथल्या कबड्डीत गेलेलं. तिथं शिट्टीला उशीर करणाऱ्या पंचाला लोक सुखानं घरी जाऊ देत नाहीत.

दुसरी पंच अपूर्वा धावत आली. ती पाचगणीला हा खेळ शिकवायची. शिबिरात सरांनाही तिनंच शिकवलं होतं.

"सर, फ्लॅग..." ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे." सरांचा हात आता कुठे कमरेपाशी पोचला होता. "गोल देता येईल का?"

"नाही सर. शिट्टी झाली की खेळ थांबला."

"शिट्टी चुकली असली तरी?"

"तरी."

उदयसिंह सीमारेषेपाशी आले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, रेषेच्या आत पाऊल टाकलं नाही.

"आवं सर, ढकाललं त्यांच्या पोरीनं, आन गोल आमचा गेला व्हय?"

"रूल आहे साहेब. शिट्टीनंतरचा गोल धरत नाहीत."

उदयसिंहांनी सरांकडे क्षणभर पाहिलं. मग पोरींकडे वळून गरजले, "रूल हाय म्हंजे हाय! जागेवर चला!"

भांडले असते तर बरं झालं असतं, असं सरांना वाटून गेलं.

रेश्माला मोकळा फटका मिळाला. आता सांगलीची गोलकीपर सावध होती आणि रेश्माचा गुडघा ठणकत होता. चेंडू गोलकीपरच्या काठीला लागून बाहेर गेला. जादा वेळेत सांगलीनं गोल केला आणि सामना संपला.

सांगलीच्या पोरींना टी-शर्ट देणारे कुपवाडचे कारखानदार भाऊसो स्वतः चहाचा कप घेऊन सरांकडे आले.

"मानलं सर! काय टायमाला वाजवलीत. आपला मानूस शेवटी आपला."

"तसं नव्हतं हो ते."

"आवं, मी कुठं कुनाला सांगतोय?" भाऊसोंनी डोळा मारला.

सरांनी चहा घेतला. न घेणं जास्त दिसलं असतं.

तेवढ्यात रेश्मा लंगडत आली. गुडघ्यावरची माती तिनं पाण्यानं धुतली होती, त्यामुळं खरचटलेलं आता लालभडक दिसत होतं.

"सर, इचारू का? माझं काय चुकलं?"

सरांनी कप खाली घेतला. "शिट्टी झाली की थांबायचं असतं, बाळ."

"म्हंजे तिनं ढकाललं तवाच थांबायचं हुतं?"

इथं सांगता आलं असतं. एकच वाक्य होतं, तेही फार मोठं नव्हतं. पण उदयसिंह पलीकडेच उभे होते, भाऊसो अजून हलले नव्हते, आणि अपूर्वा मान खाली घालून आपला फ्लॅग गुंडाळत होती. जरा जास्तच वेळ गुंडाळत होती.

"शिट्टी झाली की," सर म्हणाले. अक्षर न् अक्षर नियमाला धरून होतं.

"बरं सर." ती वाकली. दुखरा गुडघा न टेकवता, कसाबसा तोल सांभाळत सरांच्या पाया पडली आणि गेली.

साताऱ्याचा संघ टेम्पोतून आला होता. पुढच्या वर्षी खेळणाऱ्या धाकट्या पोरी आधीच आत बसल्या होत्या. दोघींनी हात देऊन रेश्माला वर ओढून घेतलं. सर रिकामा कप हातात धरून बघत राहिले. टेम्पो वळला तेव्हा आतून तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला. ती धाकट्यांना समजावून सांगत होती.

"ध्येनात ठिवा गं. कुनी ढकाललं की हाय तितंच थांबायचं. गोल मारायचा न्हाई."