कच्चे आणि पक्के

"बाबा, एकच काय ते सांगा. कच्चे ठेवू की पक्के?"

स्टुडिओच्या काउंटरमागे लेक कमरेवर हात ठेवून उभी होती आणि फोटोग्राफर बाप उत्तर टाळत लेन्स पुसत होता. कॉम्प्युटरची डिस्क गळ्यापर्यंत भरली होती. मशीन इतकं रेंगाळायचं, की गुळगुळीत दाढी करून आलेल्या गिऱ्हाइकाला फोटो उघडेपर्यंत खुंट फुटायचे. लग्नाचे फोटो काढून गेलेलं जोडपं ते न्यायला यायचं तेव्हा कडेवर पोर असायचं!

लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, हेच लेकीचं रोजचं काम. तिनं आल्या आल्या कचरापेटी रिकामी केली, न लागणारी सॉफ्टवेअर उडवली, एकाच फाइलच्या चार-चार प्रती वेचून काढल्या. तरी मशीन धापाच टाकत होतं. आता सगळं पुसून नवी विंडोज टाकायची, दुसरा इलाज नव्हता. त्याआधी फोटो बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवायचे. पण तिच्यावर जागा होती निम्म्याच फोटोंना. दुसरी डिस्क मागवली तर परवा येणार, आणि दुपारी शाळेची पोरं ओळखपत्राच्या फोटोंना येऊन उभी राहणार.

बापानं तर प्रत्येक माणूस दोनदा ठेवला होता. कॅमेऱ्यातून आला तसा 'कच्चा', आणि डाग-सुरकुत्या काढून, गाल चोपडे करून हातात दिलेला 'पक्का'.

"कच्चे कुणी मागितलेत का कधी?"

"नाही गं. पण असू दे की."

"असू दे म्हटलं म्हणून डिस्क फुगत नाही, बाबा."

"घे मग पक्के," तो म्हणाला आणि पुन्हा ती लेन्स घासायला लागला.

लेकीनं पक्के कॉपी केले. नीट उतरलेत ना, म्हणून मधलेमधले उघडून पाहिले. बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवली, चुकून तीही पुसली जायला नको. नव्या विंडोजचा पेन ड्राइव्ह लावला. आता मशीन बंद करून चालू केलं, की कच्च्यांचा कायमचा निकाल.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. काखेत फ्रेम मारून एक आजीबाई आत शिरल्या.

"ए फोटोवाल्या, माझ्या सुरकुत्या कुठे ठेवल्यास?"

बाप गडबडला. "आजी, तुम्हीच तर म्हणालात, सगळ्या काढ."

"म्हणाले असेन! तेव्हा कुठे नात झाली होती मला? पोर परदेशात ह्याच फोटोची दुसरी प्रत बघत वाढली. काल पहिल्यांदा घरी आली, तर माझ्याकडे येईचना. म्हणते, ही नाही, माझी आजी भिंतीवर आहे." त्यांनी फ्रेम काउंटरवर आपटली. आतल्या आजीबाई आपल्याच लेकाची धाकटी बहीण शोभत होत्या. "स्वतःची सवत मीच टांगून ठेवली रे! खरी मी आहे का तुझ्याकडे, की दिलीस फेकून?"

बापानं लेकीकडे पाहिलं. लेकीनं पेन ड्राइव्ह काढला आणि 'कच्चे' उघडलं. मशीननं कण्हत कुंथत फोटो दाखवला. चेहराभर जाळं, पुढचा एक दात गायब, आणि आजीबाई खदखदून हसताहेत.

"हं," आजीबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "ही ओळखीची वाटते." प्रिंट घेऊन त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "ती फ्रेममधली ठेव तुलाच. फार शिष्ट आहे मेली."

लेकीनं कपाटातली डिस्क परत जोडली.

"बाबा, मी उलटं धरलं होतं. विंडोज पुन्हा टाकता येते. सुरकुत्याही पुन्हा काढता येतील, पण पुन्हा घालायच्या कुठून? हिच्यावरचे पक्के पुसते आणि कच्चे भरते."

"पूस!" बापाला एकदम जोर चढला. खुर्ची ओढून तो तिच्या शेजारी बसला. "बेधडक पूस! माणूस असतो तसाच चांगला दिसतो. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

पक्के भराभर उडायला लागले. मध्येच एका फोटोवर लेकीचा हात थांबला. दाट, काळ्याभोर, कुरळ्या केसांचा कुणी रुबाबदार गृहस्थ होता.

"हा कोण हो, बाबा? नाक तर आपल्या घरातलं दिसतंय."

बापानं आपल्या तुळतुळीत टकलावरून हात फिरवला.

"तो एवढा एक राहू दे," तो म्हणाला. "त्याला कितीशी जागा लागते?"