कोपऱ्यातली चौकट

रविवार, ८ फेब्रुवारी २००९, सकाळचे अकरा. हिंगोलीतल्या एका इंटरनेट कॅफेत जमनाबाई संगणकापुढे बसली. पडद्यावर औरंगाबादहून तिची लेक दिपा होती. चित्रकला शिकणाऱ्या दिपाची दुसऱ्या दिवशी व्यक्तिचित्राची परीक्षा होती. सरावाला तिला आईचाच चेहरा हवा होता.

"याडी, घुंगट वर घे. हालू नको, कॅमेऱ्याच्या दिव्याकडंच बघ."

जमनाबाई घुटमळली. तांड्यावरून तिला घेऊन आलेले सासरे गुलाबचंद मागच्या बाकावर बसले होते. बावीस वर्षांत तिने त्यांना तोंड दाखवलं नव्हतं.

गुलाबचंद नातीला म्हणाले, "दिपे, सांग तुझ्या याडीला, मी मागं बसलोय. मला तिची पाठच दिसून राहिली. लेकराची परीक्षा हाय म्हणावं."

जमनाबाईने घुंगट वर केला. चाळीस मिनिटं तिने दिव्यावरची नजर हलवली नाही. मग दिपाने कागद कॅमेऱ्यापुढे धरला.

"जमलं का?"

मागून हळू आवाज आला. "हनुवटीवरचं गोंदण राहिलं की, पोरी."

जमनाबाईने झटकन पदर ओढला. तेव्हा कुठे तिला पडद्याच्या कोपऱ्यातली, इतका वेळ तिचाच चेहरा दाखवत असलेली लहानशी चौकट दिसली. तीत घुंगट घेतलेली एक बाई होती, आणि तिच्या मागे हात जोडून उभा असलेला म्हातारा.

ते चित्र आता गुलाबचंदांच्या खाटेसमोर लावलेलं आहे, गोंदणासकट. जमनाबाई रोज सकाळी तिथे चहा घेऊन जाते, अजून घुंगट घेऊनच.