'सिंगल फेज'ची पहिली सीडी

कौस्तुभ दारात येऊन उभा राहिला, तेव्हा सायलीची बॅग ओट्यावर बांधून ठेवलेली होती. तिचा भाऊ जयसिंग तिला न्यायला चांद्याहून आला होता. न्यायला म्हणजे कायमचंच. चार वर्षांची पोरगी मात्र इथेच राहायची होती.

"आमच्या राजूची हाय ती. तुझ्यासंगं धाडून तिचंबी वाटोळं करू व्हय?" गोजराबाईंनी सुनेला सकाळीच सुनावलं होतं. पोरगी आईच्या पदराचं टोक धरून बसली होती आणि ते कुणाच्यानं सोडवत नव्हतं.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसा हा कौस्तुभ. नांदेडचा पोरगा, हिंजवडीला कंपनीत. वर्षापूर्वीपर्यंत इथेच माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. घरात काय चाललंय याचा त्याला पत्ताच नव्हता. पेढ्यांचा पुडा नि सीडी सायलीच्या सासऱ्यांच्या, हैबतरावांच्या हातात ठेवून तो पाया पडला.

"आबा, आमच्या बँडची पहिली सीडी! तुमच्याच माडीवर केलीय."

सीडीवर बँडचं नाव होतं 'सिंगल फेज'. भारनियमनात गावाला नुसती सिंगल फेज मिळायची, दिव्यापंख्यापुरती. तेवढ्यावर कॉम्प्युटर चालवून तिघा मित्रांनी ही गाणी केली होती. आणि सीडीचं नाव ठेवलं होतं 'भुकूम'.

"आरं, गावाचं नाव छापलंय की! लाव, लाव." हैबतराव खूश झाले. जयसिंगनं तोंड फिरवलं. अशा घटकेला कुणी गाणी लावतं का? पण बॅग उचलायची वेळ टळत होती, तेवढं हैबतरावांना हवंच होतं.

टीव्हीतून सूर निघाले. ना पेटी, ना तबला. कॉम्प्युटरचीच टुंगटुंग, पण चाल गोड होती. पोरगी पदर सोडून टीव्हीपुढे जाऊन बसली.

"ह्यात गाणारा कुटं हाय?" हैबतरावांनी विचारलं.

"गाणारं कुणी नाही, आबा. आवाज सगळे इथलेच आहेत. रेकॉर्डर माडीच्या मागच्या कठड्यावर ठेवायचो नि कंपनीच्या बसला पळायचो. सेल संपेपर्यंत म्हशी, पाखरं, माणसं, काय काय येत राहायचं. त्यातलं गोड तेवढं उचललं." मग तो गोजराबाईंकडे वळला. "मावशी, राजूदादाचा आवाज सापडला त्यात. चौथ्या गाण्यात मुद्दाम घेतलाय. सगळ्यांनी ऐकावा म्हणून आलो."

गोजराबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. लेकाचा आवाज ऐकून वर्ष झालं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मोटरीच्या जाळीत गाळ अडकला, म्हणून राजू घरामागच्या विहिरीत उतरला होता. लाईट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटो बसवला होता, त्याला आठ दिवसही झाले नव्हते. त्या आठ दिवसांत राजू विहिरीत उतरला तो तेवढा एकदाच. उतरायच्या आधी ऑटो बंद करायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण तो चालूच राहिला. मोटरीला लागणारी थ्री फेज त्या दिवशी तासभर आधी आली, मोटर सुरू झाली, पाण्यात करंट उतरला. राजू वर आला तो दोराला बांधूनच.

"सूनबाईला वरडून सांगितलं व्हतं म्या, ऑटो बंद कर म्हणून," हैबतराव येईल त्याला सांगत. ऑटोचा खटका मागच्या दाराशी होता आणि सायली तिथेच भांडी घासत होती. पहिले काही दिवस ती म्हणायची, "मामंजी, मला न्हाई ऐकू आलं." पण रोज उठून तेच. सासू म्हणे, भावकी म्हणे, पाणवठ्यावरच्या बायका म्हणत. होता होता तिलाच वाटायला लागलं, आपण भांड्यांच्या नादात 'व्हय' म्हणून गेलो असू. नवरा आपणच मारला, हे तिनं मनोमन कबूल केलं होतं. म्हणून तर पोरगी ठेवून घेतो म्हटल्यावरही ती भांडली नव्हती.

चौथं गाणं सुरू झालं. सूर हळूहळू चढले नि मधूनच राजूचा आवाज आला, खोल, विहिरीतून घुमत आलेला.

"ऑटो बंद केलाय नव्हं?"

गोजराबाईंनी तोंडात पदर कोंबला. सायली भिंतीला टेकली. आता आपलाच 'व्हय' येणार, या भीतीनं तिनं डोळे गच्च मिटले. पोरगी हरखून ओरडली, "दादा!" बापाला ती दादाच म्हणायची.

"बंद कर रं ते," हैबतराव ताडकन उठले. "बंद कर म्हन्तो ना!"

"असू द्या की," गोजराबाई किंचाळल्या. "माझा राजू बोलतोय!"

"थांबा ना आबा, पुढे तर खरी मजा आहे," कौस्तुभ म्हणाला. शब्दांकडे त्याचं कधी लक्षच नव्हतं. त्याला आवडला होता तो बोलण्यातला हेल. "त्याच सुरात उत्तर येतं बघा."

सूर थांबले. हैबतराव टीव्हीपुढे उभे होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. आवाज मात्र त्यांचाच आला.

"केलाय रं. उतर तू बिनघोर."