चौथी कॅसेट

"चेहरे स्पष्ट यायला हवेत," घड्याळजी म्हणाला. "आणि आवाज. वीस वर्षांनी लावली तरी."

कॅसेटवाल्याने काउंटरवर चार कोऱ्या व्हिडिओ कॅसेटी मांडल्या. चार कंपन्यांच्या, सगळ्या तीन तासांच्या. चार तासांची होती, ती त्याने मागे सरकवली.

"लांबीच्या मोहात पडू नका. तिची फीत पातळ, लवकर ताणते. लेकीचं लग्न ना? यातली कुठलीही घ्या."

"कुठलीही नको. चारही द्या. घरी तपासून घेतो."

कॅसेटवाला हसला. रस्त्यात भेटलेल्याला थांबवून त्याच्या मनगटावरच्या घड्याळाचे काटेसुद्धा जुळवणारा हा माणूस. त्याच्याशी वाद कोण घालणार?

"मग तपासताना समोर काहीतरी लाल ठेवा. हलक्या कॅसेटवर लाल आधी पसरतो. आणि मनासारखं रेकॉर्डिंग झालं की मागची ही खुंटी मोडा. मग चुकूनही त्यावर दुसरं काही भरता येत नाही."

शेजाऱ्यांकडच्या लग्नाची कथा सगळ्या गल्लीला पाठ होती. मिळेल त्या कॅसेटवर उरकलेलं रेकॉर्डिंग. दोन वर्षांत नवरी हिरवी पडली आणि आशीर्वाद देणारे आजोबा पडद्यावरच्या नुसत्या मुंग्यांत हरवले. आजोबा आता नव्हते. शेजारीण अजून ती कॅसेट लावायची आणि मुंग्यांवरून हात फिरवायची. आपल्या घरी असं होऊ द्यायचं नाही, हे घड्याळजीने पक्कं केलं होतं.

मेहुण्याकडून मागून आणलेला कॅमेरा स्वयंपाकघरातल्या टेबलासमोर उभा राहिला.

"मीच का?" बायको म्हणाली. तिचं आणि फोटोचं कधीच जमलं नव्हतं. घरातल्या सगळ्या आल्बमांत ती एकतर पाठमोरी, नाहीतर तोंडावर हात घेतलेली. आईला अंबाड्यावरून ओळखायचं, असं लेक म्हणायची.

"लेक कामावर, मी कॅमेऱ्यामागे. उरलं कोण?"

"तपासून झालं की पुसणार ना?"

"अगं, खुंटी मोडली तरच पुसता येत नाही. ती मोडायची कशाला?"

तिने लाल स्वेटर घातला आणि मटार सोलायला घेतले. "पाच मिनिटं हं."

"पाच मिनिटं सगळ्याच कॅसेटी गुणी असतात. खरा रंग तासाभराने दिसतो. बोल काहीतरी, आवाजही बघायचाय."

"काय बोलू?"

"लेक झाली त्या दिवसाचं सांग."

"त्यात सांगण्यासारखं काय? टॅक्सी वाटेत बंद पडली. मी कळा देतेय, आणि तुम्ही ड्रायव्हरला पटवताय की त्याचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे."

"होतंच मागे," तो भिंगाला डोळा लावून म्हणाला.

रोज एक कॅसेट, रोज एक प्रश्न. दुसऱ्या दिवशी तिची शाळा निघाली. तिसऱ्या दिवशी लेकीला झोपवताना ती म्हणायची ते गाणं. गाणं अर्ध्यावर आलं आणि तिला धाप लागली.

"या अशक्तपणाने वैताग आणलाय," ती म्हणाली. "रिपोर्टमध्ये नक्की तेवढंच होतं ना?"

"तेवढंच. टॉनिक वेळेवर घेत जा. हं, दुसरं कडवं."

तिने दुसरं कडवं म्हटलं. त्याने कॅमेरा बंद केला नाही.

चौथ्या दिवशी मधेच बेल वाजली. इस्त्रीवाला. "तू चालू ठेव," म्हणून घड्याळजी दाराशी गेला, कपडे घेऊन परत आला. ती मटार सोलत बसली होती.

"ही आत्ता लावू नका," ती म्हणाली. "शनिवारी आम्ही मायलेकी कपडे घ्यायला जाणार आहोत, तेव्हा निवांत बघा. माझ्यासमोर माझंच तोंड कशाला?"

त्याला हसू आलं. शनिवारपर्यंत तो थांबला.

शनिवारी सकाळी तो पुन्हा कॅसेटवाल्याकडे गेला.

"मग? कुठली ठरली?"

"लग्नासाठी एक द्या. कुठलीही."

"कुठलीही? आणि त्या चार काय वाईट निघाल्या?"

"चारही उत्तम आहेत," घड्याळजी म्हणाला आणि पिशवी घेऊन निघाला.

घरी कुणी नव्हतं. त्याने बायकी घड्याळांसाठी वापरायचा बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि पहिल्या तीन कॅसेटींच्या खुंट्या एकेक करून मोडल्या.

मग त्याने चौथी लावली. लाल कुठेही पसरला नव्हता. मटार टपटप वाटीत पडत होते. बेल वाजली. त्याचाच आवाज आला, "तू चालू ठेव," आणि पावलं लांब गेली.

बायकोने वाटी बाजूला सारली, हात पुसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ कॅमेऱ्यात पाहिलं.

"पटकन बोलते. इस्त्रीवाल्याला मीच या वेळेला बोलावलंय. अहो, माझे किती दिवस उरलेत, ते डॉक्टरांनी तुमच्या आधी मलाच सांगितलंय. लग्न पार पडेपर्यंत लेकीला कळू द्यायचं नाही. आणि आता हिचीही खुंटी मोडा."