पारख

मॅनेजर गोडच बोलणार. तिथं राहणाऱ्यांनाच विचारायचं, असं मी मुलाला बजावलं होतं. म्हणून वृद्धाश्रम बघायला गेलो तेव्हा मी थेट खिडकीपाशी बसलेल्या प्रमिलाबाईंना गाठलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. "घरच्यासारखं करतात हो. या तुम्ही, माझ्याच खोलीत या."

गेले. आठवडाभरात कळलं, घंटी कितीही बडवा, इथली आयाबाई ढुंकून बघत नाही.

आज प्रमिलाबाई ओल्या चादरीवरून मला हाका मारायला लागल्या, तेव्हा माझं डोकंच फिरलं. "मला खोटं का सांगितलंत?"

"माझ्यानं एकटीनं उठवत नाही हो. त्या दिवशी हात धरून बघितला तुमचा. चांगला जोर आहे." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "चला, उठवा मला."