बाहेरची काडी

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीनंतर मुंजाजीनं शेजारच्या सूर्यभानशी बोलणं टाकलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात मुंजाजीचा चारा संपला, तेव्हा सूर्यभाननं आपणहून कडब्याच्या पेंढ्या धाडल्या. मुंजाजीनं त्या तशाच परत केल्या. पंधरवड्यात त्याची म्हैस लाल मुतायला लागली.

सोनपेठहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी म्हशीची पापणी उलटून पाहिली. आतून पांढरीफटक होती. मग रक्ताचा थेंब काचेवर घेऊन त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

"रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागल्यात. पोटात विष गेलंय."

"मी म्हणलंच होतं," मुंजाजी म्हणाला. "कडबा परत केल्याचा राग हाय. सूर्यभाननंच घातलंय. तुमी लिहून द्या, मी पोलिसात जातो."

"तिला खायला काय देता?"

"लय जपतो, सायेब. बाहेरची काडी न्हाई देत. बाजारात न खपलेले घरचे कांदे हायेत, रोज पाटीभर माझ्या हातानं चारायलोय."

डॉक्टरांनी काच पुसून ठेवली.

"गुरांना एवढा कांदा विषच असतो, मुंजाजी. तो आजपासून बंद करा. आणि सूर्यभानकडं जाऊन तो कडबा मागून आणा."